आरोग्यक्षेत्रातील पदवीची निवड : पिंपरी पेंढारच्या शिवारातून एक विचार

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या मार्गावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान पिंपरी पेंढार हे गाव आहे. कुकडी प्रकल्पातील धरणांमुळे जुन्नर तालुक्याच्या या भागात बागायत वाढली, ऊस व कांदा ही पिके स्थिर झाली आणि शेतकरी गावठाण सोडून मळ्यांतील वस्त्यांवर राहू लागला. उसाच्या आश्रयाने बिबट्या आला. २०२४ साली या गावाच्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडली. उंदरांच्या मागे सापही आले. विजेचा पुरवठा रात्री होतो तेव्हा पिकास पाणीही रात्रीच द्यावे लागते. आणि तोडणीच्या हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले ऊसतोड कामगार कोप्यांमध्ये जमिनीवरच निजतात.

अशा गावातील विद्यार्थी बारावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन आरोग्यक्षेत्रातील पदवीचा विचार करू लागला म्हणजे त्याच्यापुढे बहुधा एकच प्रश्न ठेवला जातो : 'इतक्या गुणांत काय मिळेल?' प्रवेशपरीक्षेतील क्रमांक हा या निवडीचा एकमेव निकष होऊन बसला आहे. एम्.बी.बी.एस्. मिळाले तर यश, न मिळाले तर त्याखालचे जे मिळेल ते, अशी एक उतरंड विद्यार्थी, पालक आणि पुष्कळ वेळा अध्यापकही गृहीत धरून चालतात. ही उतरंड आरोग्यसेवेच्या प्रत्यक्ष स्वरूपाशी कितपत जुळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी या शिवाराला परिचित असा सर्पदंशाचा प्रसंग उदाहरणादाखल घेणे सोयीचे होईल.

एक दंश आणि अनेक हात

रात्री पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या पायास साप चावला, असे समजू. महाराष्ट्रात माणसास विषबाधा करणाऱ्या सापांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख होत. दंश झालेला अवयव न हलविणे, पट्टा घट्ट न आवळणे, जखमेवर चिरा न पाडणे आणि वेळ न दवडता रुग्णालय गाठणे, हे प्रथमोपचाराचे सार आहे. हे ज्ञान वस्तीवर असावयास हवे; ते तेथे पोहोचविण्याचे काम आशा कार्यकर्ती आणि आरोग्यसेविका करतात. पुढे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते. २०१४ साली राज्यात सुरू झालेल्या या सेवेत वाहनाबरोबर डॉक्टर असतो, आणि तो पुष्कळदा आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो.

रुग्णालयात पोहोचल्यावर निदानाचे काम सुरू होते. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ती ओळखण्यासाठी रुग्णाचे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचनलिकेत घेऊन वीस मिनिटे हलविल्याशिवाय ठेवतात. नंतर नलिका तिरपी केली असता रक्त न गोठता वाहू लागले, तर विषबाधा झाली असे समजतात. कसोटी इतकी साधी आहे. परंतु नलिका साबणाने धुतलेली असेल किंवा ती मध्येच हलविली गेली, तर निष्कर्ष चुकतो. येथे प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या शिस्तीवर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. मण्यारीचा दंश याहून फसवा असतो. तो बहुधा झोपेत होतो, जखम दिसतेच असे नाही, आणि पहाटे पोटात दुखू लागते. त्या पोटदुखीमागे मण्यार असू शकते, हे ध्यानात येऊन रुग्णाच्या पापण्या जड होत आहेत काय हे पाहणारा चिकित्सक तेथे असावा लागतो.

विषबाधा निश्चित झाल्यावर प्रतिसर्पविष, ज्यास लोक 'सापाची लस' म्हणतात, ते शिरेतून द्यावे लागते. त्याच्या कुप्या भांडारात योग्य स्थितीत व पुरेशा संख्येने असणे हे औषधनिर्मात्याचे काम. हे औषध घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार होत असल्याने काही रुग्णांस त्याची तीव्र विपरीत प्रतिक्रिया येते. औषध सुरू असताना रुग्णाच्या उशाशी उभी असलेली परिचारिका ही प्रतिक्रिया सर्वांआधी ओळखते; ॲड्रेनलिन तिच्या हाताशी तयार असावे लागते. नाग किंवा मण्यार यांच्या विषाने श्वसनाचे स्नायू निकामी झाले तर कृत्रिम श्वसनयंत्र, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभागातील तंत्रज्ञ यांची आवश्यकता पडते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंड बंद पडले तर डायलिसिस तंत्रज्ञ हवा. दंशाच्या जागेचे मांस कुजून हातपाय आखडला तर शल्यचिकित्सकानंतर भौतिकोपचारतज्ज्ञाचे काम कित्येक आठवडे चालते.

मागे वळून पाहिले तर साखळी आणखी लांब आहे. घोड्यास विषाची अल्प आणि क्रमाने वाढत जाणारी मात्रा टोचून त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये निर्माण करावयाची आणि ती शुद्ध करून औषधरूपात आणावयाची, ही विद्या पशुवैद्यक, जीवरसायनशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र यांची आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे कार्य दीर्घकाळ केले. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशपरत्वे भिन्न असते. त्यामुळे एका प्रांतातील विषापासून बनविलेले औषध दुसऱ्या प्रांतात किती प्रभावी ठरेल, हा आजही संशोधनाचा जिवंत विषय आहे.

अखेरीस, अशा दंशांनी किती माणसे मरतात हे मोजणारा कोणी तरी हवा. सर्पदंशाचे पुष्कळ मृत्यू रुग्णालयाबाहेर होतात. म्हणून रुग्णालयीन नोंदींवरून खरा आकडा कळत नाही. कुटुंबीयांच्या मुलाखतींवरून मृत्यूचे कारण निश्चित करण्याच्या पद्धतीने जेव्हा देशव्यापी अभ्यास झाला, तेव्हा २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष मृत्यू, म्हणजे वर्षास सरासरी ५८,००० मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशास दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत स्थान दिले होते. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवणारी राष्ट्रीय योजना २०२४ मध्ये जाहीर झाली. हा शोध साथरोगशास्त्र, लोकसंख्याशास्त्र व सांख्यिकी यांचा. रुग्णास प्रत्यक्ष स्पर्शही न करता प्राण वाचविणाऱ्या या विद्या आहेत.

ही सारी साखळी तालुक्याच्या पातळीवर उभी राहू शकते, याचा दाखला दूर शोधण्याचे कारण नाही. नारायणगाव येथे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारास अनेक वर्षे वाहून घेतले आहे. मात्र उत्तम चिकित्सकासही उत्तम परिचारिका, तंत्रज्ञ आणि वेळेवर पोहोचलेला रुग्ण लागतोच. साखळीचे सामर्थ्य तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते; आणि ग्रामीण महाराष्ट्रात ती कच्ची कडी कोणती हे गावोगाव निराळे असते.

उतरंड कशी निर्माण झाली

आरोग्यक्षेत्रातील पदव्यांची उतरंड फार जुनी नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली स्थापन झाले आणि त्याच्या पदवीधरांची पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली, डॉ. भाऊ दाजी लाड हे त्या तुकडीतले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले. त्यानंतर विद्यापीठाच्या पदवीबरोबरच कमी कालावधीचे, परवाना देणारे अभ्यासक्रमही चालू राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी व गुजराती भाषांतून वैद्यकशिक्षण देणारे वर्गही होते. परवानाधारक डॉक्टरांचा हा वर्ग पुढे खेडोपाडी पोहोचला.

१९४३ साली नियुक्त झालेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल सादर केला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांपैकी जवळजवळ ३०,००० परवानाधारक होते. देशात एकाच दर्जाचा 'मूलभूत डॉक्टर' असावा आणि परवानाधारकांचे शिक्षण बंद व्हावे, अशी शिफारस समितीने केली. तिच्यामागील हेतू उदात्त होता : खेड्यातील माणसास दुय्यम दर्जाची सेवा मिळू नये. पुण्याच्या बी.जे. वैद्यकीय शाळेचे १९४६ साली महाविद्यालयात रूपांतर झाले, ते याच कालप्रवाहात. तथापि परवानाधारकांनी मोकळी केलेली जागा पदवीधरांनी पुरेशी भरली नाही. खेड्यांतील ती पोकळी पुढे बहुतांशी आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांनी भरून काढली. आणि यातूनच पदवी व अधिकार यांचा तो वाद उत्पन्न झाला, जो आजही शमलेला नाही.

पदवी म्हणजे अधिकार आणि मर्यादा

इतर विद्याशाखांतील पदवी ही मुख्यतः ज्ञानाची ग्वाही असते. आरोग्यक्षेत्रातील पदवी ही त्याबरोबरच कायद्याने दिलेली अनुज्ञा असते. कोणत्या नोंदवहीत नाव चढेल, कोणते औषध लिहिता येईल, कोणती क्रिया स्वतंत्रपणे करता येईल, हे तीवरून ठरते. विद्यार्थ्यास ही गोष्ट प्रवेश घेण्यापूर्वी स्पष्ट सांगितली जात नाही, हा सध्याच्या मार्गदर्शनातील मोठा दोष होय.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात निर्णय दिला. होमिओपॅथीची अर्हता असलेल्या व्यावसायिकाने ज्वराच्या रुग्णास आधुनिक वैद्यकातील औषधे दिली होती आणि पुढे तो रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचे शिक्षण घेतले नाही तिचा अवलंब करणे हाच निष्काळजीपणा होय, असे न्यायालयाने ठरविले. १९९८ साली अन्य एका प्रकरणात त्याच न्यायालयाने, राज्याच्या कायद्याने तशी अनुमती दिली असेल तरच भारतीय चिकित्सापद्धतीच्या व्यावसायिकास आधुनिक औषधे वापरता येतील, असे स्पष्ट केले. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यावसायिकविषयक अधिनियमाखाली आणि १९९२ च्या अधिसूचनेने आयुर्वेदाच्या ठरावीक पदवीधरांस त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत अशी अनुमती मिळाली. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांसाठीही मार्ग खुला करण्यात आला. त्यास आक्षेप घेतला गेला आणि प्रश्न न्यायालयात गेला.

या वादात कोणाची बाजू न्याय्य आहे, याचा निर्णय करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यातून निघणारा बोध मात्र महत्त्वाचा आहे. एखादी पदवी दुसऱ्या पदवीची पर्यायी वाट म्हणून घेतली, तर आयुष्यभर अधिकाराच्या सीमारेषेवर उभे राहावे लागते, आणि ती रेषा कायदेमंडळाच्या किंवा न्यायालयाच्या एका निर्णयाने सरकू शकते. शिवाय जी विद्या घेतली तिच्यातील निष्ठा व नैपुण्य दोन्ही क्षीण होतात. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करीत आली आहेत. त्या हिरड्याचे गुणधर्म, त्याची प्रत आणि त्याचा औषधी उपयोग यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या आयुर्वेद किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधरास त्याच प्रदेशात एक संपूर्ण कार्यक्षेत्र उपलब्ध आहे. त्यास स्वतःस अर्धा डॉक्टर समजण्याचे कारण नाही.

कालावधी आणि खर्च यांचेही स्पष्ट चित्र विद्यार्थ्यापुढे असावे. एम्.बी.बी.एस्. आणि बी.ए.एम्.एस्. या पदव्यांस आंतरवासितेसह साडेपाच वर्षे लागतात. पशुवैद्यकाच्या पदवीसही तितकाच काळ लागतो. दंतवैद्यकास आंतरवासितेसह पाच वर्षे, बी.एस्‌सी. नर्सिंग व बी.फार्म. यांस प्रत्येकी चार वर्षे लागतात. वैद्यकीय, दंतवैद्यकीय आणि आयुष शाखांच्या प्रवेशासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा आवश्यक आहे. राज्यात औषधनिर्माणशास्त्राचा प्रवेश राज्य सामायिक परीक्षेवरून होतो. आधुनिक वैद्यकात आज पदव्युत्तर शिक्षणाशिवाय स्थैर्य येत नाही, अशी समजूत बळावल्याने साडेपाच वर्षांचा मार्ग प्रत्यक्षात नऊ-दहा वर्षांचा होतो. ज्या कुटुंबाची उपजीविका दोन-तीन एकर उसावर आहे, त्यास हा फरक सोसेल किंवा नाही, हे आधीच पाहिले पाहिजे. खाजगी महाविद्यालयाच्या शुल्कासाठी जमीन विकली गेली आणि विद्यार्थ्याचे मन त्या विद्येत रमले नाही, तर तोटा दोन पिढ्यांचा होतो.

नव्या वाटा

गेल्या काही वर्षांत उतरंडीच्या बाहेरील शाखांस कायद्याचा आधार मिळू लागला आहे. भौतिकोपचार, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, क्ष-किरण तंत्रज्ञान, डायलिसिस, आहारशास्त्र अशा पन्नासहून अधिक व्यवसायांचे नियमन करणारा राष्ट्रीय अधिनियम २०२१ साली संमत झाला. परिचर्या व सुईणपणासाठी स्वतंत्र आयोगाची तरतूद करणारा अधिनियम २०२३ साली झाला. त्यापूर्वी, २०१८ साली घोषित झालेल्या योजनेनुसार उपकेंद्रांच्या पातळीवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण झाले; परिचर्येचा किंवा आयुर्वेदाचा पदवीधर सहा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण घेऊन या पदावर येऊ शकतो. खेड्यातील रुग्णाची पहिली भेट आज अनेक ठिकाणी याच अधिकाऱ्याशी होते. राज्यातील बहुतेक आरोग्यविषयक पदव्या नाशिक येथील, १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात. पशुवैद्यक मात्र नागपूरच्या स्वतंत्र विद्यापीठाकडे आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आणखी एका वाटेचा विचार करण्यासारखा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी चिकित्सकाची पदवी घेतल्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० साली जामखेड येथे कार्य आरंभिले; खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांस आरोग्यसेविका म्हणून त्यांनी तयार केले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही वैद्यकातील पदव्युत्तर पदव्यांनंतर तीच वाट धरली. गडचिरोलीतील नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा त्यांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. दोन्ही दांपत्यांची पहिली पदवी रुग्णासंबंधी होती, दुसरी समाजासंबंधी; आणि त्यांच्या कार्याचा विस्तार दुसऱ्या पदवीने घडविला. पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यात वढू येथे के.ई.एम्. रुग्णालयाच्या संशोधनकेंद्रातर्फे २००२ पासून काही गावांतील जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची सातत्याने नोंद ठेवली जाते. अशा कामात वैद्यकाबरोबर सांख्यिकी, मानवशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या पदवीधरांनाही स्थान असते.

निवडीपूर्वीचे प्रश्न

या सर्व विवेचनावरून अध्यापकाने विद्यार्थ्यापुढे पाच प्रश्न ठेवावेत असे दिसते. पहिला प्रश्न कामाचा : रुग्णाच्या उशाशी, प्रयोगशाळेत, भांडारात, पशूंमध्ये की आकडेवारीत, यांपैकी कोठे दिवसाचे आठ-दहा तास आनंदाने घालविता येतील? दुसरा अधिकाराचा : पदवीनंतर नाव कोणत्या नोंदवहीत येईल आणि त्यायोगे स्वतंत्रपणे काय करता येईल? तिसरा संस्थेचा : महाविद्यालयास संबंधित नियामक मंडळाची चालू वर्षाची मान्यता आहे काय, आणि संलग्न रुग्णालयात खरोखर रुग्ण येतात काय? रिकाम्या खाटांच्या रुग्णालयात मिळालेली पदवी कागदावर पूर्ण आणि हातात अपुरी असते. चौथा प्रश्न काळाचा व पैशाचा. पाचवा पुढील मार्गाचा : या पदवीनंतर दुसरी कोणती विद्या घेता येईल, की वाट येथेच संपते?

गुणांचा प्रश्न या पाचांनंतर यावा. तो टाळता येणार नाही; क्रमांकाने दार उघडते किंवा बंद होते हे खरेच आहे. परंतु कोणत्या दारापुढे उभे राहावयाचे हे क्रमांकाने ठरवू नये. एक वर्ष वाया घालवून पुन्हा तीच परीक्षा द्यावी काय, हा प्रश्नही पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरूनच सुटतो : जे काम करावयाचे आहे ते त्याच पदवीवाचून होणार नसेल, तर वर्ष सार्थकी लागते, केवळ पदवीच्या नावासाठी असेल, तर लागत नाही.

पिंपरी पेंढारवरून जाणाऱ्या मार्गाच्या पश्चिम टोकाशी कल्याण आहे. तेथील आनंदीबाई जोशी यांनी आपले तान्हे मूल गमावले होते, आणि स्त्रियांना स्त्रीडॉक्टर मिळत नाही हे दुःख जाणले होते. त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फिया येथून वैद्यकाची पदवी घेऊन निघाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता. पुढच्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाल्याने व्यवसाय करण्याची संधी त्यांस लाभली नाही. तथापि त्यांनी आधी उणीव पाहिली, मग काम ठरविले आणि त्यानंतर पदवी शोधली, हा क्रम आजही अनुकरणीय आहे. पिंपरी पेंढारच्या विद्यार्थ्यास उणीव पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. आपल्या शिवारातून निघालेला रुग्ण रुग्णालयापर्यंत जातो त्या वाटेवर कोणता हात कमी पडतो, हे त्याने एकदा नीट पाहावे; त्याच्या पदवीचे नाव बहुधा त्याच ठिकाणी त्यास सापडेल.